चौदा हार

मोबाइल माझ्या हातात देत मोठी आई म्हणाली, "हे पाय. तुझे फोटो पळते."

मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. आमच्याकडे मोठ्या काकांना मोठे बाबा आणि त्यांच्या बायकोला मोठी आई म्हणतात. मोठे बाबा जाऊन पंचवीस वर्षं झाली. मोठी आई आता एक्याऐंशीची आहे आणि नेरला आपल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या चुलत भावाकडे राहते. त्याला मी दादा म्हणतो. तिचा डावा डोळा गेलेला आहे आणि उजव्याला जेमतेम दिसतं. मोबाइल ती उजव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरते आणि सुईत दोरा ओवावा तशी मान मागेपुढे करत बघते.

तिला दिसत नव्हते ते फोटो माझ्या वेबसाइटवरचे होते. एकवीस वर्षांपूर्वी, संगणकाचा नवा नाद लागला तेव्हा, मी तिच्या पेटीतला अल्बम यवतमाळला माझ्या घरी आणला, एकेक फोटो स्कॅन केला आणि आमच्या घराण्याची एक वेबसाइट केली. तिची अकरा पानं आहेत आणि त्यांवर चारशे बारा फोटो. पहिलं पान आमच्या माणसांचं. त्यावर आधी गेलेली माणसं आणि त्यांच्याखाली हयात असलेली. गेलेल्यांच्या फोटोभोवती झेंडूचा हार, भिंतीवरच्या तसबिरीला असतो तसा. असलेली माणसं बिनहाराची, वयाच्या क्रमानं, सगळ्यांत मोठ्या माणसापासून सगळ्यांत लहानापर्यंत.

हे पान मी त्या काळच्या मोठ्या पडद्यासाठी केलेलं. मोबाइलवर ते उघडलं की फोटो तिळाएवढे दिसत. मोठे करावेत तर पान पडद्याबाहेर जाई आणि बोटानं ओढत बसावं लागे.

"यायले धराले गेली की ते पळते," मोठी आई सांगत होती. 'यायले' म्हणजे मोठ्या बाबांना. "अन् बोट उचललं की साराच्या सारा कागद पळते. पित्तराच्या दिवशी सारे जमतीन. त्या दिवशी मले यायचा फोटो यात नीट पाहाचा हाये. डाक्टर म्हणते, या डोयाचाबी भरोसा नाई."

"पाहून देतो," मी म्हटलं.

"पाहून नको देऊ. करून दे."

मोठ्या बाबांची तिथी पितृपक्षातली. मी तिथंच बोटांवर मोजलं. एकोणीस दिवस होते.

मी जमीन मोजण्याच्या खात्यात आहे. लोक आम्हाला मोजणीवाले म्हणतात. हद्दीच्या खुणा शोधायच्या, अंतरं घ्यायची आणि नकाशावर उतरवायची, एवढंच काम. पण एक फूट इकडचा तिकडे झाला तर दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत, हे मी सव्वीस वर्षांत पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून मी प्रत्येक अंतर दोनदा घेतो, एकदा या टोकाकडून आणि एकदा त्या टोकाकडून. दोन आकडे जुळले की मगच लिहितो. घरीही तसंच. बायको म्हणते, "तुम्ही कुलूप लावता अन् मंग कुलपाले इचारता, लागलं का म्हणून." तिचं म्हणणं खोटं नाही.

वेबसाइट केली तेव्हा पानावर फोटो ओळीनं बसवायचे तर त्यासाठी टेबल, म्हणजे तक्ता, आखत. सगळेच तसं करत. ओळी पाडायच्या, ओळीत खाने पाडायचे आणि एकेका खान्यात एकेक फोटो ठेवायचा. माझ्या पहिल्या पानावर एका ओळीत पाच खाने होते. मला ती रीत आवडली होती, कारण ती मोजणीच्या नकाशासारखी होती. पण तिच्यात एक खोड होती. घरातलं कोणी गेलं की त्याचा फोटो खालच्या खान्यातून काढून वर हारवाल्यांमध्ये न्यावा लागे, आणि मग मधले सगळे खाने एकेक करून सरकवावे लागत. हे मी एकवीस वर्षांत पाच वेळा केलं. त्यात माझे आईवडीलही आले. तेरावं आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचो आणि सरकवायचो. वहीत आकडा बदलायचो. गेलेले नऊ होते ते दहा झाले, अकरा झाले. शेवटचा आकडा चौदा होता.

आता टेबलानं पानं बसवत नाहीत. सीएसएस म्हणून नियमांची एक वेगळी फाईल असते. फोटो नुसते एकाखाली एक लिहून ठेवायचे आणि ते कसे दिसावेत ते त्या फाईलीत सांगायचं. पडदा मोठा असेल तर पाचपाच मांडा, मोबाइल असेल तर एकेक, पडद्याएवढा मोठा. एकदा नियम लिहिला की चारशे बारा फोटोंना तो लागू होतो. पुण्याची माझी मुलगी मला हे सात-आठ वर्षांपासून सांगत होती. मी म्हणायचो, चाललं आहे ते चालू दे.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सव्वासहाला बसू लागलो. आठला उठायचो, कारण साडेनऊला निघावं लागे. पण मन उठत नसे. शेतात टेप धरलेला असताना डोक्यात फोटो सरकत. एकदा दोन खुणांमधलं अंतर मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. तसं माझं पूर्वी कधी झालं नव्हतं. घरी चहा निवायचा. मी खुर्चीतून उठायचो, गच्चीवर जायचो, दोन फेऱ्या मारायचो आणि परत येऊन तेच पान उघडायचो.

"बसा न एका जागी," बायको म्हणायची. "नाईतर गच्चीवरच टाकून देतो तुमचं ते यंत्र."

"तेरा दिवस राहिले."

"तिथी तिच्या दिवशी येईन. तुमच्या फेऱ्यांनं लवकर नाई येत."

टेबल उकलताना त्यात ठिकठिकाणी रिकामे खाने निघू लागले. जुन्या रीतीत ते लागतच. ओळीत फोटो चारच असले तर पाचवा खाना मोकळा ठेवायचा, दोन फोटोंमध्ये अंतर पाहिजे तर मध्ये एक मोकळा खाना घालायचा. आत काही न दिसणारं एक पारदर्शक चित्र ठेवायचं, म्हणजे खाना मिटत नाही. नव्या रीतीत त्यांची गरज नव्हती. अंतर नियमानं पडतं. मी ते शोधून शोधून काढले. अकरा पानांत मिळून त्रेसष्ट निघाले. वहीत लिहिलं: रिकामे खाने काढले, ६३. लिहिताना फार बरं वाटलं. शेतातलं तण काढल्यासारखं.

मग हार. टेबलात प्रत्येक खान्याला हाराचं चित्र वेगळं लावलेलं होतं. आता एका नियमात सगळं बसत होतं. गेलेली माणसं आधी आणि असलेली नंतर, हा क्रम पक्का होता. म्हणून मी नियम लिहिला, पहिल्या चौदांना हार. फोटोगणिक 'हा गेलेला' अशी खूण करून मग त्या खुणेला हार लावण्याची दुसरी एक पद्धत होती. मुलीनं फोनवर तीच सांगितली होती. पण आकडा माझ्याजवळ तयार असताना चौदा ठिकाणी खुणा करत कशाला बसायचं, असं मला वाटलं. आकड्यावर माझा नेहमीच जास्त भरवसा.

तिथीच्या आदल्या दिवशी पहाटे काम संपलं. मी पान उघडलं आणि माझ्या रीतीप्रमाणे हार दोनदा मोजले. वरून खाली चौदा. खालून वर चौदा. वहीतला आकडा चौदा. सात वाजून दहा मिनिटांनी मी घरच्या ग्रुपवर पान पाठवलं आणि खाली लिहिलं, "आता मोबाइलवर नीट दिसते. मोठ्या आईला दाखवा." आंघोळ करून निघालो.

त्या दिवशी नेरच्या अलीकडे रस्त्याला लागून प्लॉटची मोजणी होती. मोजणी चालू असताना मी मोबाइल पिशवीत ठेवतो, कारण बोलण्यात आकडा चुकतो. बारा वाजता डबा खायला बसलो तेव्हा पाहिला. एकवीस फोन येऊन गेले होते. नऊ दादाचे. चार महागावच्या आत्याचे. बाकी सगळी लग्नामुंजीला भेटणारी माणसं. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं एकाखाली एक पडलेली. एकानं लिहिलं होतं, "कधी झालं? काल तर चांगल्या होत्या."

मी दादाला फोन लावला.

"माही माय जित्ती हाये," तो पहिलंच वाक्य बोलला. "समोर बसून डाळ निवडून राह्यली. अन् तू तिले हार घातला."

मी पान उघडलं. मोबाइलवर फोटो एकेक करून येत होते, मोठे आणि स्पष्ट. आजोबा, आजी, मोठे बाबा, मग पुढचे. मी एकेक चेहरा बघत खाली गेलो. तेरावी माझी आई. तिच्याखाली झेंडूच्या हारात मोठी आई होती, हसरी, लुगड्याचा पदर नीट घेतलेली. असलेल्या माणसांत ती सगळ्यांत मोठी, म्हणून गेलेल्यांना लागून पहिला फोटो तिचाच होता.

मी हार दोनदा मोजले होते. पण कोणाला घातले ते बघितलं नव्हतं.

डबा तसाच झाकला. संगणक घरी होता. मी बायकोला फोन केला.

"संगणक चालू कर."

"इतर वेळी तर त्याले हात लावू देत नाई."

"आज लाव."

दोनच मिनिटं गेली असतील, पण तेवढ्यात मी प्लॉटच्या या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत तीन चकरा मारल्या. तिनं फाईल उघडली. मी सांगत गेलो आणि ती खाली खाली सरकत गेली.

"हार असं लिहिलेलं दिसते का?"

"दिसते. अन् त्याच्यावर उणे एन अधिक चौदा. हे कोन्त्या गावचं गणित हाये?"

"समजून घेऊ नको. फक्त चौदाचं तेरा कर."

बटणं दाबल्याचे आवाज आले. "केलं. एवढ्याशासाठी मोठ्या आईले मारलं व्हय तुम्ही?"

"वर बाणाचं बटण आहे, ते दाब. म्हणजे साइटवर चढेल."

"दाबलं. आता जाऊन त्यायच्या पाया पडा."

मी पान पुन्हा उघडलं. मोठ्या आईभोवतीचा हार गेला होता. काम झालं होतं, पण मला चैन पडेना. गेलेली माणसं तेरा होती, हे मी आत्ताच डोळ्यांनी मोजलं होतं. मग वहीत चौदा कुठून आले? वही माझी चुकत नाही. मोजणी सोबतच्या मोजणीदाराच्या हवाली केली आणि मी मोटारसायकलनं नेरला निघालो. वाटभर नावं घेत मोजत होतो. आजोबांपासून आईपर्यंत तेरा. पुन्हा तेरा. उलट्या क्रमानंही तेरा.

दादाच्या घरी ओसरीत मोठी आई खाटेवर बसलेली होती. मांडीवर सूप, सुपात उद्याच्या वड्यांची उडदाची डाळ. दिसत नाही म्हणून ती बोटांनी खडे ओळखून काढत होती. तिच्यापाशी महागावची आत्या बसली होती, डोळे सुजलेले आणि हातात चहाची बशी. आत्या म्हणजे मोठ्या आईची नणंद. सकाळी पान पाहिलं, मला फोन लावला तर मी उचलला नाही, दादाला लावला तर तो सारखा दुसऱ्याशी बोलत होता. मग तिनं वाट पाहिली नाही. दोन बसा बदलून ती नेरला आली.

"ये, ये," मोठी आई माझा आवाज ओळखून म्हणाली. "मले पोचवाले आला का?"

मी पाया पडलो.

"याले सांग व तू कशी आली ते," मोठी आई आत्याला म्हणाली, पण सांगायची घाई तिलाच. "फाटकापासूनच हिनं गळा काढला. मी आतून इचारलं, कोन मेलं व बाई? तं म्हणते, तू!"

"मंग काय म्हणू?" आत्या चिडली. "हार घालून फोटो आला सकायीच. मी दाताले मंजनबी नाई लावलं."

"मी म्हटलं, आली तं आता वडे खाऊनच जाय. माह्याच हातचे."

दोघीही हसल्या. आत्याच्या बशीतला चहा हिंदकळला. दादा मात्र दारात उभा होता, हसला नाही. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. तो माझ्यावर असा कधी चिडलेला मी पाहिला नव्हता.

"गावाची जमीन मोजतं तू," तो म्हणाला. "अन् घरची माणसं मोजता येत नाई? पित्तरपाकात जित्त्या माणसाले हार. सकायपासून मी लोकायले एकच सांगून राह्यलो, हाये, हाये, हाये. काढून टाक ते सारं. आमच्या घरचा एकबी फोटो नको ठेवू त्याच्यावर."

"दुरुस्त केलं दादा. आता नाही आहे."

"उद्या दुसऱ्याले घालशीन. काढ म्हटलं न."

त्याचं बरोबर होतं. पण एकवीस वर्षांचं काम होतं ते, आणि मोठ्या आईच्या अल्बममधले निम्मे फोटो आता प्लास्टिकला चिकटून गेलेले होते. साइटवरून काढले की ते कोणालाच दिसणार नव्हते.

"कायले भांडता रे?" मोठी आई म्हणाली. "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढते. माह्यं तं वाढलं. तूच अडचणीत आला." हे दादाला. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "आन तो मोबाइल. ज्याच्यासाठी एवढं झालं ते पाहू तं दे."

मी पान उघडून दिलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मोबाइल उजव्या डोळ्याजवळ नेला. बोटानं वर सारलं. आजोबा आले आणि पडद्यावर थांबले. पळाले नाहीत.

"मामंजी," ती म्हणाली. पुन्हा सारलं. "सासूबाई." पुन्हा. मोठे बाबा आले. बोट थांबलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. अठरा दिवसांचं काम यासाठीच होतं. मला वाटलं, आता तरी जिवाला स्वस्थता येईल.

तिनं पुन्हा बोट सारलं आणि भुवया आकसल्या. मागे गेली. मोठे बाबा. पुढे आली. पुढे माझे एक चुलत काका.

"यायच्या बाजूचा खाना कुठी गेला?" तिनं विचारलं.

"कोणता खाना?"

"यायच्या बाजूचा. रिकामा. हार घातलेला."

"ते जागा भरायचे खाने होते, मोठी आई. आता लागत नाहीत. मी सगळे काढले."

"सारे?"

"त्रेसष्ट."

"किती माणसं हाये आता वर?"

"तेरा."

"चौदा," ती म्हणाली.

हा आकडा सकाळपासून माझ्या डोक्यात होता आणि तो तिच्या तोंडून आला. आत्यानं बशी खाली ठेवली. हसणं थांबलं होतं.

मोठ्या आईनं मोबाइल मांडीवर उलटा ठेवला आणि जे सांगितलं ते फार थोडं होतं. दादाच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. नऊ दिवस राहिली. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणून नाव नाही. इतक्या लहानाचा फोटो तेव्हा कोण काढत होतं? दात न आलेल्या लेकराचं श्राद्ध नसतं. नाल्याच्या काठी पुरलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात कोणी विषय काढला नाही. आत्या तेव्हा सोळा वर्षांची, तिला आठवत होतं. साठ वर्षं झाली.

"म्हंजे मले बहीण होती?" दादानं विचारलं.

"होती न. नऊ दिवस."

मग मला आठवलं. हीच ओसरी होती. अल्बम उघडून आम्ही दोघं बसलो होतो, मी वहीत खाने आखत होतो आणि ती सांगत होती, इथं हा, इथं ती. मोठ्या बाबांचा खाना झाल्यावर ती म्हणाली होती, "याच्या बाजूले एक जागा सोड." मी सोडली. तेव्हा वाटलं, एखादा फोटो मिळायचा असेल. हारवाल्या ओळीतला खाना, म्हणून बाकीच्यांसारखा त्यालाही हार लावला. एकवीस वर्षं पानावर हाराच्या आत पांढरा चौकोन होता. बघणाऱ्यांना वाटत असेल, हा फोटो उघडत नाही.

"तू मला तेव्हाच सांगायचं होतं," मी म्हटलं.

"तू इचारलं नाई, 'काहून?' म्हणून. म्हणून तं तुलेच म्हटलं मी जागा सोड म्हणून. दुसऱ्यानं इचारलं असतं."

न विचारणं हा माझा स्वभाव आहे. खुणा दिसल्या की मी मोजतो, त्या कोणी आणि का रोवल्या ते विचारत नाही.

घरी आलो आणि चपला न काढता जुनी वही शोधली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात यादी. १ आजोबा. २ आजी. ३ मोठे बाबा. ४, आणि पुढे एक आडवी रेघ. ५ पासून पुढे नावं. शेवटी बेरीज नऊ. उजवीकडे शेऱ्याचा रकाना होता. चौथ्यासमोर तो कोरा. प्रत्येक नकाशावर शेरा लिहिणारा माणूस मी, आणि तिथं एक शब्द लिहिला नव्हता. त्या नऊवर पुढं पाच चढले आणि चौदा झाले. वही चुकली नव्हती. मी माणूस खाना समजून काढलं होतं आणि तिचा हार पुढे सरकत मोठ्या आईवर गेला होता.

मी लगेच बसलो. आधी ती जागा परत घातली. घातली तर दिसेना. नव्या रीतीत आत काही नसलेल्या चौकोनाला उंची नसते, तो मिटून जातो. टेबलात पारदर्शक चित्र घालून मी तो उघडा ठेवला होता, आता त्याला रुंदी आणि उंची लिहून द्यावी लागली. मोठ्या बाबांच्या फोटोएवढीच दिली. मग मोजणीचा नियम खोडला आणि मुलीनं सांगितलं होतं तसं केलं. गेलेल्या प्रत्येकावर वेगळी खूण लिहिली आणि हार त्या खुणेला लावला. चौदा ठिकाणी लिहिताना एकेक चेहरा बघितला. आता कोणी मध्ये आलं किंवा गेलं, तरी एकाचा हार दुसऱ्याला जाणार नव्हता.

प्रत्येक फोटोला मी नाव देत होतो, नियम लिहिताना ते लागतं. वाचणाऱ्याला ते पानावर दिसत नाही, आत राहतं. चौथ्या जागेशी येऊन अडलो. मोठ्या आईला फोन केला. आत्या राहिली होती, मागे तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"तिचं नाव काय लिहू?"

तिनं आत्याला बोलणं थांबवायला सांगितलं.

"मी एका नावानं हाक मारत होती, मनात," ती म्हणाली. "ते नाई सांगत. तू लिही, पयली."

मी 'पहिली' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेरला गेलो. तीस-पस्तीस माणसं होती. जो येई तो मोठ्या आईला हात लावून बघे आणि ती म्हणे, "गरम हाये न? हाये न जित्ती?" कावळ्याला पान ठेवलं, वडे आणि खीर झाली. फोटो काढून टाक असं दादा पुन्हा म्हणाला नाही. तसाच्या तसा राहू दे असंही म्हणाला नाही. जेवणं झाल्यावर तो मोबाइल घेऊन आईच्या खाटेपाशी बसला आणि मला हाक मारली.

पान उघडलेलं होतं. मोठी आई बोट सारत गेली. मामंजी, सासूबाई, हे. मग रिकामी जागा आली, हाराच्या आत पांढरी, पडद्याएवढी मोठी. दादानं मोबाइल तिच्या डोळ्याजवळ धरून ठेवला. तिनं त्या पांढऱ्यावरून एकदा बोट फिरवलं, डाळीतले खडे शोधत होती तसं.

"बाबू," ती मला म्हणाली, "हार जाड झाला."

"सगळ्यांना तेवढाच आहे."

"सारे मोठे होते. लेकराले जड होते."

घरी येऊन मी तिच्यापुरता वेगळा नियम लिहिला. बाकीच्यांचा हार सोळा पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे सोळा ठिपके, जाड आहे, तिचा पाच. वहीत चौथ्या क्रमांकासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, तेही लिहून ठेवलं.